चतकोर भाकरी आणि कुत्र्याचा खुराक

१

एखाद्या समाजाने कोणत्या प्राण्याच्या पोषणाचा किती विचार केला आहे, हे पाहण्याचे एक साधन म्हणजे त्या समाजाची भाषा होय. मराठी कृषिजीवनात दुभत्या गाई-म्हशींच्या खाद्यासाठी वैरण, कडबा, पेंड, सरकी असे निरनिराळे शब्द आहेत. शिवाय धार काढण्याच्या वेळी द्यावयाच्या भिजवलेल्या खाद्याला ‘आंबोण’ हे स्वतंत्र नाव आहे. घोड्याला ‘चंदी’ मिळते. कामाच्या बैलाला आणि तालमीतल्या मल्लाला ‘खुराक’ मिळतो. ह्या तिन्ही शब्दांत मापाची कल्पना अंतर्भूत आहे: किती द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे आणि कशासाठी द्यावयाचे, हे त्यांत आधीच ठरलेले असते.

कुत्र्यासाठी असा मापाचा शब्द मराठीत रूढ नाही. त्याच्या वाट्याला येतो तो ‘तुकडा’ किंवा ‘भाकरतुकडा’. तुकडा म्हणजे संपूर्ण वस्तूचा उरलेला अंश. अर्थात् कुत्र्याचे अन्न हे मराठी गृहव्यवस्थेत हिशेबात धरलेले अन्न नव्हे. ते हिशेबानंतर शिल्लक राहिलेले अन्न होय. ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ही म्हण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगते. कुत्र्याने पीठ खाणे म्हणजे नुकसान. त्याचा हक्क फार तर भाकरीच्या उरल्या तुकड्यावर.

घरात एकच कुत्रे आणि खाणारी माणसे पुष्कळ, असे प्रमाण असेपर्यंत ही व्यवस्था कशीबशी चालते. परंतु जेथे चार-पाच कुत्री पाळावी लागतात, तेथे शिल्लक अन्न पुरत नाही आणि मग ‘स्वस्त, पौष्टिक आणि टिकाऊ कोरडे अन्न कोणते?’ हा प्रश्न उभा राहतो. धाराशिव (२०२३ पर्यंतचे उस्मानाबाद) जिल्ह्यात हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. बालाघाटच्या डोंगररांगांवरील भूम, वाशी, कळंब ह्या तालुक्यांत शेळ्या-मेंढ्यांचे कळप चारले जातात. उस्मानाबादी शेळीची जात तर ह्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाते. कळपामागे राखणीची दोन-तीन कुत्री असतात. कळपाचे लांडग्यापासून रक्षण करणारे कुत्रे अर्धपोटी असले, तर त्याची किंमत कळपाच्या धन्यालाच मोजावी लागते.

२

जिल्ह्यातील परंपरागत श्वानान्न म्हणजे ज्वारीची भाकरी. ती पुरेशी आहे काय, ह्याचे उत्तर पोषणशास्त्राकडे वळण्यापूर्वी भाषेतच अंशतः सापडते. मराठवाडा व सोलापूर भागांत भाकरीबरोबर खाण्याच्या कालवणाला किंवा भाजीला ‘कोरड्यास’ म्हणतात. ह्या शब्दाचे रूप चतुर्थीचे दिसते: जे कोरड्या भाकरीस लावून घ्यावयाचे, ते कोरड्यास. म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनात भाकरी ही स्वतःहून अपुरी, ‘कोरडी’ वस्तू आहे आणि कोरड्यास मिळाले म्हणजेच जेवण पूर्ण होते. माणसाच्या पानात ही पूर्तता होते. कुत्र्याकडे जाते ती मात्र केवळ भाकरी.

संत नामदेवांविषयी सर्वपरिचित असलेली एक कथा येथे आठवते. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. देवाने कोरडी भाकरी खाऊ नये, ही त्यांची तळमळ. कथेचे तात्पर्य सर्वाभूती ईश्वर हे आहेच. तथापि तिच्यात आहारविषयक एक निरीक्षणही आहे: कुत्र्याला भाकरी मिळाली, तरी त्याचे जेवण झाले नव्हते, स्निग्धांश राहून गेला होता.

धाराशिव जिल्ह्यात कुत्र्याला धार्मिक स्थानही आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर व नळदुर्ग ही खंडोबाची स्थाने प्रसिद्ध असून देवाचा मुक्काम वर्षभरात ह्या दोन ठिकाणी विभागलेला असतो. कुत्रा हा खंडोबाचा सोबती मानला जातो आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याचा थोडा भाग कुत्र्यांना देण्याची चाल आहे. म्हणजे सणाच्या दिवशी कुत्र्याला कोरड्यासासह अन्न मिळते. प्रश्न आहे तो उरलेल्या दिवसांचा.

३

आता हेच निरीक्षण आकड्यांत तपासता येईल. प्रौढ कुत्र्याच्या आहारातील शुष्कांशात, म्हणजे पाणी वजा जाता उरणाऱ्या भागात, किमान १८ टक्के प्रथिने आणि ५.५ टक्के स्निग्धांश असावा, असे अमेरिकेतील पशुखाद्य-नियंत्रक अधिकाऱ्यांच्या संघटनेचे मानक आहे. वाढत्या पिलासाठी व गाभण किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीसाठी हेच प्रमाण अनुक्रमे २२.५ व ८.५ टक्के आहे. ज्वारीच्या पिठात प्रथिने सुमारे १० टक्के आणि स्निग्धांश सुमारे २ टक्के असतो. शुष्कांशावर हिशेब केला, तर प्रथिने ११ टक्क्यांच्या आसपास येतात. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन ह्या आवश्यक अमिनो आम्लाची उणीव असते. कॅल्शियमची स्थिती तर अधिकच विषम आहे. कुत्र्याच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने असावे लागते. ज्वारीत मात्र फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-नऊ पट असतो.

ह्यावरून ज्वारी कुत्र्याला पचत नाही, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. २०१३ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवले की, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज ह्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या धान्यसंस्कृतीच्या सहवासात कुत्र्याची पचनसंस्थाही बदलली. शिजवलेले किंवा भाजलेले धान्य त्याला उत्तम प्रकारे ऊर्जा देते. म्हणून भाकरी घातक नाही, ती अपूर्ण आहे. मराठी वाक्प्रचाराने सांगावयाचे तर तिने पोट भरते, परंतु खाल्लेले अंगी लागत नाही.

भाकरी ताकात कुस्करून देण्याची रीत चांगली आहे. परंतु ताकात पाणीच फार आणि प्रथिने शेकडा एकाच्या आसपास. तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही.

४

कोरडे अन्न ही कल्पना ह्या भूप्रदेशाला परकी नाही. कोरडवाहू शेती आणि वारंवार येणारे अवर्षण ह्यांनी तिला येथे विशेष रूप दिले. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात आणि त्याला लागून असलेल्या कर्नाटकात पातळ थापून, भाजून पूर्ण वाळवलेली ‘कडक भाकरी’ पुष्कळ दिवस टिकते. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवरील मजुरांना ‘सुकडी’ हे कोरडे पौष्टिक अन्न वाटण्यात आले. त्या पिढीच्या आठवणींत तो शब्द आजही कायम आहे. आठवडी बाजारात मिळणारी ‘सुकट’, म्हणजे वाळवलेली मासळी, हीही त्याच वर्गातील. तिन्ही पदार्थांमागील तत्त्व एकच: पाण्याचा अंश पुरेसा खाली आणला की बुरशी व जंतू ह्यांची वाढ थांबते.

पाश्चात्त्य देशांतील तयार श्वानखाद्याचा इतिहासही ह्याहून फार वेगळा नाही. जेम्स स्प्रॅट ह्या अमेरिकन व्यावसायिकाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटे विकावयास प्रारंभ केला. खलाशांच्या कडक बिस्किटांवरून त्याला ती कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पुढे १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने यंत्रातून उष्णता व दाब देऊन फुलवलेले दाणेदार खाद्य बाजारात आणले. आज पिशवीत मिळणारे बहुतेक कोरडे श्वानखाद्य ह्याच प्रक्रियेने तयार होते आणि त्यात पाण्याचा अंश सामान्यतः १० टक्क्यांच्या जवळपास असतो. कडक भाकरी आणि हे दाणे ह्यांतील खरा भेद टिकाऊपणाचा नसून घटकांचा आहे: दाण्यांत कोरड्यास आधीच मिसळलेले असते.

५

अनेक कुत्र्यांसाठी तयार खाद्य घेताना पिशवीवरील किलोची किंमत पाहणे ही नेहमीची चूक होय. कुत्र्याला किलो लागत नाहीत, ऊर्जा व प्रथिने लागतात. म्हणून किंमत एक हजार किलोकॅलरींमागे काढावी. पिशवीवर ऊर्जा छापलेली नसल्यास ती काढण्याची रीत सोपी आहे. समजा, एका खाद्यात शेकडा २० प्रथिने, १० स्निग्धांश, ५ तंतू, १० पाणी व ८ राख आहे. ह्यांची बेरीज ५३; उरलेले ४७ पिष्टमय पदार्थ. प्रथिने व पिष्टमय पदार्थ ह्यांना दर ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाला ८.५ किलोकॅलरी धरल्यास १०० ग्रॅम खाद्यात सुमारे ३२० किलोकॅलरी येतात. आता हे खाद्य १२० रुपये किलो असेल, तर हजार किलोकॅलरींना ३७ रुपये ५० पैसे पडतात. दुसरे एखादे खाद्य १३५ रुपये किलो, परंतु १०० ग्रॅमला ३८० किलोकॅलरी देणारे असेल, तर तेथे हाच खर्च सुमारे ३५ रुपये ५० पैसे येतो. हे दर उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत; मुद्दा एवढाच की, महाग दिसणारी पिशवी प्रत्यक्षात स्वस्त असू शकते.

दुसरी चूक म्हणजे सर्व कुत्र्यांना डोईमागे सारखे माप देणे. प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ती वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. घरी राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी ह्या संख्येला ९५ ने, तर भरपूर हिंडणाऱ्या कुत्र्यासाठी १३० ने गुणण्याचा प्रघात आहे. त्यानुसार १० किलो वजनाच्या घरगुती कुत्र्याला सुमारे ५३०, २० किलोच्या कुत्र्याला ९०० आणि ३० किलोच्या कुत्र्याला १,२२० किलोकॅलरी रोज लागतात. तीच २० किलोची कुत्री कळपामागे फिरणारी असेल, तर तिला १,२३० च्या आसपास लागतात. म्हणजे १० किलोची तीन कुत्री ३० किलोच्या एका कुत्र्याहून सुमारे एकतृतीयांश अधिक खातात. प्रत्येकी २० किलोची चार घरगुती कुत्री असतील, तर वरील ३२० किलोकॅलरींचे खाद्य दिवसाला सव्वा किलोच्या आत आणि महिन्याला सुमारे ३४ किलो लागेल. हा हिशेब प्रारंभासाठी होय. अंतिम माप कुत्र्याच्या अंगावरून ठरवावे. बरगड्या हाताला लागाव्यात, परंतु दुरून उठून दिसू नयेत. शिवाय प्रत्येकाचे भांडे वेगळे व अंतरावर ठेवावे. एकत्र टाकलेल्या अन्नात दुबळ्याचा वाटा बळकट कुत्रे खाते आणि मालकाचा हिशेब कागदावरच राहतो.

६

महिन्याला ३४ किलो तयार खाद्य घेणे अनेक कुटुंबांना परवडणारे नाही. येथे भाकरी आणि पिशवी ह्यांची सांगड घालण्याचा मार्ग उपलब्ध आहे. मात्र प्रमाण सांभाळले पाहिजे. पिशवीवर २० टक्के प्रथिने लिहिलेली असतील आणि पाणी १० टक्के असेल, तर शुष्कांशात प्रथिने सुमारे २२ टक्के होतात. त्यात निम्मी ज्वारी मिसळली, तर मिश्रण १७ टक्क्यांच्या खाली जाते. ते किमान मर्यादेस उतरत नाही. एकचतुर्थांश ज्वारी मिसळली, तर ते १९ टक्क्यांच्या वर राहते. पिशवीच १८ टक्क्यांची असेल, तर एवढीही भेसळ तिला सोसत नाही. म्हणून २० टक्के किंवा अधिक प्रथिने असलेले, ‘संपूर्ण आहार’ म्हणून विकले जाणारे खाद्य तीन भाग आणि भाकरी एक भाग, हे प्रौढ कुत्र्यापुरते सुरक्षित प्रमाण मानता येईल. पिले व गाभण कुत्र्या ह्यांना ते लागू नाही.

भाकरीचा भाग वाढवावयाचा असेल, तर कोरड्यासही घरीच तयार केले पाहिजे. गेल्या काही दशकांत ह्या जिल्ह्यातील खरिपात सोयाबीनने मोठी जागा व्यापली आहे. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असून ज्वारीत उणे असलेले लायसीन भरपूर असते. मात्र कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे द्रव्य असते. ते उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून सोयाबीन भिजवून, नीट उकडून, कडक उन्हात वाळवून मगच दळावे. २० किलोच्या घरगुती कुत्र्यासाठी दिवसाला ज्वारीचे पीठ १८० ग्रॅम, असे सोयाबीनचे पीठ ६० ग्रॅम, उकडलेले एक अंडे व लहान चमचाभर तेल घेतल्यास ऊर्जा सुमारे ९७० किलोकॅलरी, प्रथिने सुमारे ४६ ग्रॅम, म्हणजे शुष्कांशाच्या १९ टक्क्यांहून अधिक, आणि स्निग्धांश सुमारे १० टक्के होतो. दोन्ही पिठांची मिळून भाकरी करून ती कडक वाळवावी. अंडे व तेल देण्याच्या वेळी घालावे. ह्या मिश्रणातही कॅल्शियमची सुमारे एक ग्रॅमची तूट राहते. ती उकळून, वाळवून बारीक कुटलेल्या अंड्याच्या टरफलाच्या अर्ध्या लहान चमच्याने भरून निघते.

तथापि एवढ्यानेही हा आहार संपूर्ण होत नाही. जस्त, आयोडीन, अ, ड व ई जीवनसत्त्वे ह्यांची पूर्तता पशुवैद्याच्या सल्ल्याने क्षार-जीवनसत्त्व मिश्रण देऊन करावी लागते. पिलांच्या बाबतीत घरगुती प्रयोग टाळणेच इष्ट होय. त्यांची हाडे घडण्याच्या काळात झालेली चूक पुढे दुरुस्त होत नाही. खर्चात काटकसर करावयाची असेल, तर ती प्रौढांच्या मापात करावी आणि तयार खाद्य प्रथम पिलांसाठी राखून ठेवावे.

७

उरलेल्या अन्नासाठी मराठीत जे तीन शब्द आहेत, त्यांतील भेद येथे व्यवहारात उपयोगी पडतो. ‘शिळे’ म्हणजे काल शिजवलेले. ‘उष्टे’ म्हणजे दुसऱ्याने खाऊन टाकलेले. ‘खरकटे’ म्हणजे भांड्यांना व ताटांना लागून राहिलेले. शिळी, न बुरसलेली भाकरी कुत्र्याला चालते. उष्टे आणि खरकटे ह्यांत मात्र कांदा, लसूण, मीठ, तिखट व शिजलेल्या हाडांचे कपचे असतात. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. शिजलेले हाड मोडून आतड्यात रुतते. चंपाषष्ठीच्या भरितातील कांदाही ह्याच कारणाने कुत्र्याच्या वाट्यापुरता वगळावा आणि रोडगा द्यावा. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरतात. द्राक्षबागा असलेल्या ह्या जिल्ह्यात ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुकट थोड्या प्रमाणात उपयुक्त आहे, परंतु ती खारवलेली नसावी.

खाटकाकडील अवयव हे स्वस्त प्रथिनांचे दुसरे साधन. परंतु मेंढ्या-शेळ्यांचे यकृत व फुप्फुस कच्चे देणे धोक्याचे असते. त्यांत फीतकृमीच्या पुटी असल्यास कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतात, त्यांची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात आणि माणसाच्या शरीरात गेल्यास तेथे पुटी तयार होतात. चांगले उकळून दिल्यास ही साखळी तुटते. येथे कुत्र्याच्या अन्नाचा प्रश्न थेट घरातील मुलांच्या आरोग्याशी येऊन भिडतो.

सर्वांत गंभीर बाब बुरशीची आहे. काढणीच्या वेळी पावसात भिजलेले किंवा ओलसर जागी साठवलेले धान्य, मका व शेंगदाण्याची पेंड ह्यांवर वाढणाऱ्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते भाजल्याने वा शिजवल्याने पुरते नाहीसे होत नाही आणि कुत्र्याचे यकृत त्याला फार लवकर बळी पडते. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थान ह्यांच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरसलेला मका खाल्ल्यामुळे यकृतदाहाची साथ पसरली आणि शंभराहून अधिक माणसे मरण पावली. त्याच घरांतील कुत्र्यांनाही कावीळ व जलोदर होऊन ती दगावली. माणूस आणि कुत्रा एकाच कणगीतून खात होते, म्हणून एकाच विषाने मेले. ‘माणसाला नको, कुत्र्याला घाला’ हा न्याय बुरसलेल्या धान्याला कधीही लावू नये. तयार खाद्याची मोठी पिशवी स्वस्त पडते हे खरे. पण तोंड उघडल्यावर ती महिनाभरात संपणारी असावी आणि कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावी. कोरड्या अन्नाबरोबर पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे, हे तर ओघानेच आले.

८

उपर्युक्त विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. कुत्र्यासाठी स्वस्त अन्न मिळवणे हा मुख्यतः वस्तू शोधण्याचा प्रश्न नाही. ज्वारी, सोयाबीन, अंडे आणि ऊन ही चारही जिल्ह्यात आहेत आणि पिशव्याही दुकानांत आहेत. उणीव आहे ती मापाची. ग्रामीण मराठीने भाकरीचे भागही मोजून ठेवले आहेत: अर्धी, चतकोर, नितकोर. कुत्र्याला परंपरेने चतकोर मिळत आली, आणि वरील हिशेबानेही भाकरीचे प्रमाण एकचतुर्थांशच ठरते. फरक एवढाच की, परंपरेत ती चतकोर हेच संपूर्ण जेवण होते. हिशेबात ती जेवणाचा चौथा हिस्सा आहे आणि तिच्यासोबत तीन हिस्से कोरड्यास आवश्यक आहे. बैलाचा खुराक आणि घोड्याची चंदी ह्यांचे माप शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या पाळले, कारण त्यांच्या श्रमाची किंमत त्याला ठाऊक होती. रात्रभर कळप राखणाऱ्या कुत्र्याचे श्रमही तसेच मोजता येण्यासारखे आहेत. तेव्हा ‘खुराक’ हा शब्द त्यालाही लागू करण्यास भाषेची कोणतीच हरकत नाही.